पंतोजींच्या स्वाधीन

तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडु येथील मुक्तांबाळ छत्र सरफोजीराजे दुसरे यांनी बांधले. वाटसरूंना अन्न, आजाऱ्यांना औषध, हा अशा छत्रांचा रिवाज. राजांनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात आणखी एक तपशील आहे : परक्यांची पोरकी मुले छत्रातील पंतोजींच्या स्वाधीन केली जात. मूल कोणाचेही असो, जबाबदार माणूस ठरलेला असे.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाले, तेव्हा नेमका हाच माणूस सापडेना. तक्रार नोंदवण्यासाठी पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागले. २० ऑगस्टला जमाव रुळांवर उतरला, लोकल ठप्प झाल्या. संताप खराच होता. पण संतापाला पत्ता नसतो. २०१२ च्या पोक्सो कायद्याचे कलम १९ त्याहून कितीतरी साधी गोष्ट मागते : गुन्ह्याची माहिती अथवा शंका असेल, तर पोलिसांना कळवा. शिपाई, शेजारी, मुख्याध्यापक, कोणालाही त्यातून सूट नाही. मौन बाळगणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. बदलापूरच्या संस्थाचालकांवर या कलमांखाली गुन्हा नोंदवला गेला. तोही मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतल्यानंतर.