सोंगांचे मानकरी

लोकलच्या डोक्यावरची ‘कसारा’ ही पाटी मुंबईकर रोज वाचतो. त्या गाडीच्या शेवटच्या टप्प्यात आटगाव, खर्डी लागतात, तो शहापूर तालुका. तानसा धरण इथले. १८९२ पासून ते मुंबईला पाणी पाजते आहे, पुढे भातसाही त्या कामाला लागले. चैत्र-वैशाखात मात्र इथल्याच पाड्यांवर विहिरींचा तळ दिसतो आणि हंडे घेऊन टँकरची वाट पाहावी लागते. नेमक्या याच दिवसांत शहापूरच्या डोंगरपट्ट्यापासून जव्हार-मोखाड्यापर्यंत बोहाड्याचे संबळ वाजू लागते. भात कधीच झोडून झालेला असतो, पावसाला अवकाश असतो. गावाला एवढीच काय ती सवड.

बोहाडा म्हणजे मुखवट्यांचा जागर. कुठे तीन रात्री, कुठे पाच, कुठे सात. नेहमीचा रस्ता हीच रंगभूमी आणि अंगणे, ओटे, बैलगाड्या ही प्रेक्षागृहे. आधी गणपती येतो, मग मोरावरची शारदा. त्यांच्या मागून मच्छ, कच्छ, वराह, नरसिंह. मग राम-लक्ष्मण, त्राटिका, कुंभकर्ण, दहा तोंडांचा रावण. पुराणातल्या या मंडळींच्या पंक्तीला खंडोबा, वेताळ, भैरोबा असे घरचे देवही असतात, आणि कोणी कोणाला परके मानत नाही. शेवटच्या रात्री पहाटेच्या सुमाराला देवी आणि महिषासुर यांची झुंज लागते. तिथे बोहाडा संपतो.

सोंग चालते कसे, हे जवळून पाहण्यासारखे आहे. मुखवटा डोक्याला फडक्यांनी घट्ट आवळलेला असतो. त्याला ठेवलेल्या बारीक भोकांतून दिसेल तेवढेच जग. त्यामुळे सोंगाच्या दोन्ही अंगांना माणसे लागतात: एकाने टेंभा धरायचा, दुसऱ्याने तोल सांभाळायचा. संबळ आणि सनईवाले सोंगाकडे तोंड करून उलटे चालतात आणि त्याला पुढे खेचत नेतात. चार पावले पुढे, दोन मागे, मग एक गिरकी. प्रत्येक सोंगाची चाल वेगळी. गणपती संथ डुलतो, राक्षस अंगावर धावून आल्यासारखा झेपावतो आणि पुढे बसलेली पोरे किंचाळत मागे सरकतात. मुरलेला संबळवाला कोणते सोंग निघाले ते पाहून ठेका बदलतो. घरात बसलेल्या म्हाताऱ्यांना नुसत्या वाजपावरून कळते, आता कोण आले. दारासमोर सोंग थांबले की बायका ओवाळतात. दिवसा ज्याच्याबरोबर बांधावरून भांडण झाले, त्याच्याही पाया पडतात, कारण मुखवट्यामागे या घटकेला तो नसतो, देव असतो.

माझ्या मते बोहाड्याचे खरे मोल मुखवट्यांपेक्षा वाटणीत आहे. या पट्ट्यात महादेव कोळी, ठाकूर, वारली, कातकरी, कुणबी असे कितीतरी समाज शेजारी राहतात. बोली वेगळ्या, लग्नाच्या चालीरीती वेगळ्या. बोहाड्यात प्रत्येकाच्या पदरात काहीतरी पडलेले असते. काही गावांत एखादे सोंग एका घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत येते. तो त्या घराचा मान. बाप थकला की मुखवटा मुलाच्या डोक्यावर चढतो. काही ठिकाणी सोंगांचा लिलाव बोलतात आणि ती रक्कम उत्सवाच्या खर्चाला जाते. कोणाकडे वाजप, कोणाकडे उजेड, कोणाकडे देवीची पूजा. एका घराने हात आखडला तर रांगेत भगदाड पडते आणि ते साऱ्या गावाला दिसते. जातीची उतरंड यामुळे मोडते, असे मी म्हणणार नाही. पण त्या रात्रींत कोणाचेच कोणावाचून चालत नाही.

लंडनमध्ये नॉटिंग हिल भागात दर ऑगस्टअखेर जो कार्निव्हल भरतो, त्याची गोष्ट इथे आठवते. १९५८ मध्ये तिथे कॅरिबियन बेटांवरून आलेल्या काळ्या लोकांवर हल्ले झाले. त्यानंतर जानेवारी १९५९ मध्ये क्लॉडिया जोन्स या बाईंनी सेंट पॅन्क्रसच्या सभागृहात पहिला कॅरिबियन कार्निव्हल भरवला. १९६६ मध्ये राउन लॅस्लेट यांनी भरवलेल्या वस्तीच्या जत्रेतून तो रस्त्यावर उतरला. तिथलेही गट महिनोन्‌महिने खपून आपली सोंगे आपणच रचतात. दूरदूरच्या बेटांवरून आलेल्या माणसांनी नवी वस्ती आपलीशी करण्यासाठी तो रस्ता मागून घेतला. आपल्याकडचा रस्ता आधीपासून सगळ्यांचा होता. तो तसाच राहावा म्हणून दर उन्हाळ्यात त्यावरून चालावे लागते.

मुखवटे पूर्वी लाकडाचे असत. उंबर, सावर, साग अशी लाकडे कोरून काढलेली, वजनाला भारी. पुढे कागदाचा लगदा आला. मातीच्या साच्यावर कागदाचे थर खळीने चढवायचे, उन्हात खडखडीत वाळवायचे, मग साचा सोडवून रंग द्यायचा. रावणासारख्या रुंद सोंगाला हलका लगदा सोयीचा. जव्हारकडे मुखवटे करणारे हात आजही आहेत आणि त्यांचे काम शहरांतल्या प्रदर्शनांत विकले जाते. त्या हातांना पैसा मिळतो ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र दिवाणखान्यात टांगलेल्या मुखवट्याला ना संबळ, ना चाल, ना मानकरी. सरकारी महोत्सवात दहा मिनिटांसाठी बोलावलेल्या सोंगांचेही तेच. जतन करायचे तर रात्र, रस्ता आणि वाटणी हे तिन्ही जपायला हवे, आणि त्यासाठी गावातली तरणी माणसे गावात हवीत. वीटभट्टीवर किंवा भिवंडीच्या गोदामात कामाला गेलेल्या पोराला त्या चार रात्रींची सुट्टी मिळणे, हा बोहाड्याच्या दृष्टीने कोणत्याही अनुदानाहून मोठा प्रश्न आहे.

एक गोष्ट मला खटकते. देवी, शारदा, त्राटिका, सगळी स्त्री-सोंगे परंपरेने पुरुषच घेत आले. बायका ओवाळतात, रात्रभर जागतात, सकाळी पुन्हा पाण्याला जातात. मान वाटणारे गाव हाही मान कधीतरी वाटून देईल, अशी माझी इच्छा आहे.

मुंबईकरांना एवढेच सांगणे: ज्या मुलखाचे पाणी आपण रोज पितो, तिथली एक रात्र जागून पाहा. तारखा गाव ठरवते, म्हणून चैत्र लागला की शहापूर, जव्हार किंवा मोखाड्याकडच्या ओळखीच्या माणसाला विचारा. शेवटच्या रात्री जा आणि महिषासुर पडेपर्यंत उठू नका. मोबाइलचा झोत सोंगाच्या तोंडावर मारू नका, त्याला आधीच फार थोडे दिसते. आणि आरतीचे ताट पुढे आले की त्यात हात सैल सोडून पैसे टाका. उजेडाचा आणि वाजपाचा खर्च त्यातूनच भागायचा असतो.