धक्का सोसणारे पाणी

डिलाईल रोडला लागूनच लोअर परळचा रेल्वे कारखाना आहे. त्यामुळे 'बफर' हा शब्द आम्हां गिरणगावकरांना शाळेबाहेरच भेटला. दोन डब्यांमधला धक्का अंगावर घेणारी ती स्प्रिंगची तबकडी! प्रयोगशाळेतले बफर द्रावण हेच काम करते. मात्र तेथला धक्का आम्लाचा वा अल्काचा असतो.

आम्लता मोजण्याची 'पीएच' ही पट्टी सोरेन्सन या डॅनिश शास्त्रज्ञाने १९०९ साली दिली. तीवर शुद्ध पाणी ७ वर असते. लिटरभर शुद्ध पाण्यात एक नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल १ मिलिलिटर टाकले, तर हा आकडा ३ वर कोसळतो. तेवढेच आम्ल ०.१ मोलर फॉस्फेट बफरमध्ये टाकले, तर तो जेमतेम दोन शतांश हलतो. कारण तेथे फॉस्फेटचे दोन क्षार जोडीने नांदतात. आम्ल आले की एक क्षार त्यातले हायड्रोजन आयन उचलतो. अल्क आले की दुसरा आपल्याजवळचे देतो. जोडीतला एक संपला की राखण संपली. संपफंडाचेही असेच असते.

आपले रक्तही असेच ७.३५ ते ७.४५ च्या दरम्यान सांभाळलेले असते. म्हणून परळच्या हाफकिन संस्थेसारख्या ठिकाणी पेशी, रक्तरस वा एन्झाइमे हाताळताना बफरवाचून पाऊल पुढे पडत नाही.

पण श्रोतेहो, आमचा कामगाराचा प्रश्न हिवतापाचा. बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब काचेवर पसरून गिएम्सा रंगाने रंगवतात. तो रंग पातळ करण्यास ७.२ पीएचचे बफर लागते. व्हायव्हॅक्स जातीच्या जंतूने ग्रासलेल्या तांबड्या पेशीत बारीक गुलाबी ठिपके दिसतात. पाणी आम्लधर्मी असले तर ते नीट उमटत नाहीत आणि जात ओळखणे अवघड होते. हा जंतू यकृतात दडून बसतो. त्याला उखडण्यास प्रायमाक्विन साधारणपणे १४ दिवस द्यावे लागते. ते राहून गेले, तर ताप काही आठवड्यांनी वा महिन्यांनी उलटू शकतो आणि रोजंदारीवाल्याची मजुरी पुन्हा बुडते.

गिरण्या गेल्या, टॉवर आले. बांधकामावर साचलेल्या पाण्यात डास वाढतात आणि ताप विटा वाहणाऱ्याला गाठतो. रक्ततपासणी मोफत हवी, ही मागणी आम्ही करतोच. तिला एवढेच जोडतो, की तपासणाऱ्याच्या टेबलावर ताजे बफर आणि त्याचा पीएच पाहण्याचे साधनही असले पाहिजे.