तलावाच्या वरचं रान

1 मे 1999 रोजी भंडारा जिल्हा दुभागला. नवेगावबांध, बोदलकसा, चोरखमारा हे नावाजलेले तलाव नव्या गोंदिया जिल्ह्यात गेले. भंडाऱ्याकडे शिवनीबांध, रावणवाडी, चांदपूर, कोक्याच्या रानातली तळी आणि गावोगावच्या बोड्या, म्हणजे छोटी तळी, राहिली. त्याच सुमारास मी तलाव बघत हिंडायला लागलो. तेव्हा ओढ पक्ष्यांची होती. साकोलीजवळच्या शिवनीबांधच्या पाळीवर हिवाळ्यात सकाळी उभं राहिलं की अडई आणि तलवार बदकांचे थवे दिसत. एखाद्या वर्षी पट्टकादंबही उतरत. पुढे पाळीवर भेटणारे शेतकरी आणि मासेमारी करणारे ढिवर बोलते झाले, तशी नजर पाण्यावरून वर सरकत गेली, पाणी जिथून उतरतं त्या रानाकडे. इथला तलाव एकटा नसतो. वर जंगल, मधे पाणी, खाली धानाच्या बांध्या आणि या सगळ्यावर पोट असलेली माणसं, अशी ती एकच मांडणी आहे. तिचे तुकडे कसे पडले आणि कुठे कुठे ते पुन्हा सांधले जात आहेत, याचा हा मागोवा.

ही मांडणी मुख्यतः कोहळ्यांची. गोंड राजवटीत जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन देण्याचा रिवाज होता. चांद्याच्या हिरदेशहाचं नाव त्यासाठी आजही घेतलं जातं. धान आणि ऊस पिकवणाऱ्या कोहळ्यांनी या सवलतीचं सोनं केलं. नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी घातला, असं सांगतात. 'सातबहिणी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकड्यांमधल्या खिंडी बांधांनी बुजवून सुमारे अकरा चौरस किलोमीटरचं पाणी अडवलं गेलं. लोकांनी कोलू पाटलांना देवपण दिलं. कोलासुर या नावाने त्यांचं ठाणं तिथल्या टेकडीवर आहे. पाणी अडवणाऱ्याला गावाने याहून मोठा मान काय द्यावा!

लाखनी तालुक्यातल्या एका तलावावर पाणी सोडायचं जुनं तुडुम मी जवळून पाहिलं. पाळीच्या आतल्या अंगाला पायऱ्यांसारखी दगडी बांधणी, दर पायरीला एक भोक आणि त्यात ठोकलेला लाकडी खुंटा. पाणी भरलेलं असताना वरचा खुंटा काढायचा. पातळी उतरली की त्याखालचा. गढूळ तळ तसाच राहतो आणि वरचं निवळ पाणी पाटाने बांध्यांत जातं. पाळीच्या टोकाला सलंग असते. तलाव भरला की जादा पाणी त्या वाटेने सुटतं आणि पुष्कळदा खालच्या गावच्या तलावात जाऊन पडतं. म्हणजे वरच्या गावाचा जादा पाऊस खालच्या गावाची ठेव. 'सलंग चालली का जी?' हा पावसाळ्यात इकडच्या गावांतला खरा प्रश्न. सलंग चालली म्हणजे धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, बिनघोर झाला आणि दिवाळीपर्यंत धानाला शेवटचं पाणीही मिळणार. पावसाने सप्टेंबरात दगा दिला की याच शेवटच्या पाण्यावर वर्षाचं पीक तरतं.

1950 च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या गावमालकांची पद्धत, संपली आणि पुढच्या वर्षापासून त्यांच्या ताब्यातले हे तलाव सरकारजमा झाले. म्हणून ते 'माजी मालगुजारी', बोलण्यात 'मामा तलाव'. पूर्व विदर्भात ते सहा-सात हजारांच्या घरात आहेत. मालगुजारी जायलाच हवी होती, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण तिच्यासोबत उन्हाळ्यात पाळीवर माती चढवण्याची, पाट उपसण्याची, वरच्या रानावर लक्ष ठेवण्याची शिस्तही गेली, आणि तिची जागा घेणारं काही आलं नाही. शंभर हेक्टरपर्यंत भिजवणारे तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे, मासे मत्स्यव्यवसाय खात्याकडे, रान वनखात्याकडे. एका तलावासाठी शेतकऱ्याला इतके उंबरे झिजवावे लागतात. दरम्यान पाणी ओसरलं की उघड्या पडणाऱ्या जमिनीवर अतिक्रमणं झाली, पाळीवर बेशरम नावाचं झुडूप माजलं आणि वरचं झुडपी जंगल तुटून तिथली माती तलावाच्या पोटात येत राहिली.

जंगलाची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. नागझिरा 1970 मध्ये अभयारण्य झालं, नवेगाव 1975 मध्ये राष्ट्रीय उद्यान. व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिऱ्यावर पुस्तक लिहिलं, मारुती चितमपल्लींनी नवेगावबांधचे दिवस मराठीत आणले, पुढे किरण पुरंदरे दीर्घकाळ नागझिऱ्यात राहिले आणि त्यांनी 'सखा नागझिरा' लिहिलं. महाराष्ट्रभरच्या वाचकांनी आमची तळी अशी पुस्तकांतून पाहिली. चितमपल्ली 2025 च्या जूनमध्ये गेले तेव्हा इकडच्या अनेकांना घरचं माणूस गेल्यासारखं वाटलं. 2013 मध्ये कोका अभयारण्य झालं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाची घोषणा झाली. साकोलीकडून पिटेझरी फाटकाने आत शिरणारी वाहनं वाढली. नागझिऱ्यात जन्मलेला 'जय' वाघ उमरेड-कऱ्हांडल्याला गेला तेव्हा तर पवनीच्या बाजूलाही गर्दी लोटली. 2016 मध्ये तो दिसेनासा झाला.

वाघामुळे रान राखलं गेलं, आणि रानाच्या आतले तलाव त्यामुळे सुधारले, हे मान्यच करायला हवं. कोक्यातल्या तळ्यांच्या काठचं गवत आणि झाडोरा आता दाट आहे. पण रानाबाहेर, गावाला लागून असलेले तलाव मधल्या मधे राहिले. ते पर्यटकाच्या वाटेवर नाहीत आणि खात्याच्या नकाशात केवळ साठवणक्षमतेचा आकडा म्हणून आहेत.

गावच्या तलावांची ही परवड ढिवरांनी सगळ्यात आधी ओळखली. डोंग्यातून शिंगाडे तोडणारा, मरळ आणि शिंगीची चव सांगणारा हा समाज. सहकारी संस्था आल्या, तलाव ठेक्याने मिळू लागले, रोहू-कटल्याचं बीज पडू लागलं. त्याने हाती पैसा आला, हे खरं. पण पुढे गवत्या मासाही आला. त्याने पाणवनस्पती फस्त केल्या, आणि त्या गेल्या तशी देशी माशांची अंडी घालायची जागा गेली, कमळपक्ष्याचं घरटं तरंगायची जागाही गेली. सारस तर भंडारा जिल्ह्यात आता मोजकेच उरले आहेत.

याचा सगळ्यात नेमका अभ्यास भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने केला. मनीष राजनकर आणि त्यांच्या सोबत्यांनी ढिवरांच्या आठवणींतून कुठल्या वनस्पतीत कुठला मासा राहतो याची माहिती गोळा केली. मग अर्जुनी मोरगावकडच्या तलावांत उन्हाळ्यात बेशरम उपटून, तळ नांगरून, पाणी येताच देशी वनस्पती परत लावायला सुरुवात झाली. चिखलात उतरून हे काम करणाऱ्यांत ढिवर बायका पुढे होत्या. शालू कोल्हे यांचं नाव त्यातून बाहेर माहीत झालं. तिथे देशी मासा परतला आणि पक्षीही. या सगळ्या वर्षांत तलावांविषयी मला मिळालेली सर्वांत चांगली बातमी ती.

गाळ काढण्याच्या सरकारी मोहिमाही आल्या. 2015 पासून 'जलयुक्त शिवार', 2017 पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार'. गाळ निघणं गरजेचंच होतं आणि शेतात पडलेल्या त्या काळ्या मातीने पीक सुधारलं. माझी तक्रार जेसीबीच्या हाताविषयी आहे. तो काठाचा मंद उतार राखत नाही, उभ्या भिंतीचा खड्डा करून ठेवतो. तलावाचं जगणं असतं ते गुडघाभर पाण्यात. देवधान, म्हणजे रानटी धान, तिथे उगवतं, मरळ तिथे पिलं राखते, लांब पायांचे पक्षी तिथेच चरतात. तो पट्टा खरवडला की पाणी वाढतं आणि तलाव ओस पडतो.

आता पुन्हा मामा तलावांच्या दुरुस्तीची बोलणी सुरू असतात आणि अंदाजपत्रकं पाळीची लांबी, गाळाचे घनमीटर यांच्यात मांडली जातात. त्यात काठाचा उतार राखण्याची अट घालावी, तळ नांगरून देवधान आणि पाणवनस्पती लावण्याचा खर्च धरावा, वरच्या झुडपी जंगलाची राखण त्याच कामात मोजावी आणि हे काम ठेकेदाराऐवजी गावच्या ढिवर संस्थेला द्यावं. तळ नांगरायला एक ट्रॅक्टर आणि मे महिन्याचे काही दिवस पुरतात. कुठलं रोप किती पाण्यात लागतं हे सांगणाऱ्या बायका अर्जुनी मोरगावला आहेत, साकोलीहून तासाभराच्या अंतरावर.