चारच्या पुढे सगळं ‘ह्रेर’

रिचर्ड अ‍ॅडम्स यांचं ‘वॉटरशिप डाउन’ (सशांवरची कादंबरी) परवा पुन्हा वाचून काढलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा जीव पाठलागात अडकला होता, या वेळी सशांच्या भाषेत अडकला. या सशांना चारपर्यंतच मोजता येतं. त्यापुढचं सगळं ‘ह्रेर’, म्हणजे पुष्कळ. मोटारीला शब्द ‘ह्रुडुडु’ (नुसता इंजिनाचा आवाजच की!). भीतीनं जागच्या जागी थिजणं म्हणजे ‘थार्न’. माणसंही आहेत, पण सशाच्या उंचीवरून दिसतील तेवढीच.

अ‍ॅडम्स सरकारी नोकर. गाडीतून जाताना मुलींना सांगितलेली गोष्ट त्यांनी मुलींच्याच आग्रहाखातर लिहून काढली. प्रकाशकांचे नकार पचवून पुस्तक १९७२ मध्ये आलं आणि त्याला कार्नेगी पदक मिळालं. सशांच्या सवयी मात्र मनच्या नाहीत, निसर्गअभ्यासक आर. एम. लॉक्ली यांच्या पुस्तकाचा आधार त्यांना आहे. नावातली टेकडीही खरी, इंग्लंडच्या हॅम्पशरमधली.

आपल्या माळरानावरचा ससा बीळ खोदत नाही, गवतात दबून बसतो. पुस्तकातले ससे वेगळे, जमिनीखाली वसाहत करणारे.

आणि मुखपृष्ठ कितीही गोंडस दिसलं तरी अगदी लहान मुलांच्या हाती देऊ नका. रक्तपात बराच आहे. आधी स्वतः वाचा.