‘स्वेटर घाल’ हे उत्तर नाही!

गाडीच्या डॅशबोर्डवर एक गोल बटण असतं. त्याच्या एका बाजूला निळी रेघ, दुसऱ्या बाजूला तांबडी. आपल्याकडे वर्षातले दहा महिने हे बटण निळ्याकडेच असतं. त्यामुळे तांबड्या बाजूचा उपयोग काय, हे बऱ्याच घरांत कुणाला ठाऊकच नसतं. मग डिसेंबर येतो. पहाटे गाडीत बसलं की दातांवर दात आपटायला लागतात. कुणीतरी बटण तांबड्याकडे फिरवतं आणि आतून येते ती गारच हवा. मग शेजारच्या सीटवरून ठरलेलं उत्तर मिळतं, ‘स्वेटर घाल!’

मैत्रिणींनो, यंदा या उत्तरावर गप्प बसू नका. हीटरमधून गार हवा येत असेल, तर गाडी आपल्याला काहीतरी सांगत असते.

आमचं घर निफाड तालुक्यातलं. इथली थंडी पेपरात गाजते. कडाक्याच्या थंडीत द्राक्षं वाचवायला बागाबागांतून पहाटे शेकोट्या पेटवतात, एवढं सांगितलं तरी पुरे. माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे अण्णांचं, डायलिसिस नाशिकला. त्यासाठी पहाटे साडेपाचला घर सोडावं लागतं. गाडी मीच चालवते. किडनीच्या पेशंटमध्ये रक्त कमी असलं की थंडी जास्तच वाजते. कानटोपी, मफलर, दोन शाली घेऊनही अण्णांची बोटं गारठलेली असायची. आमची गाडी सेकंडहँड, बरीच जुनी. हीटर होता, पण नावालाच. म्हणून मी हे प्रकरण मुळापासून समजून घ्यायचं ठरवलं.

आणि समजल्यावर वाटलं, अरेच्चा, हा तर आपला पाण्याचा बंबच की!

खोलीतला हीटर जसा विजेवर चालतो, तसा पेट्रोल-डिझेलच्या जुन्या गाडीतला चालत नाही. चालताना इंजिन तापतं. ते जास्त तापू नये म्हणून त्याच्याभोवती पाणी आणि कूलंट फिरत असतं. त्यातलंच थोडं गरम पाणी दोन पाइपांतून डॅशबोर्डच्या मागे बसवलेल्या एका छोट्या रेडिएटरमध्ये येतं. पंखा त्याच्यावरून हवा ढकलतो आणि ती ऊब आपल्यापर्यंत पोचते. म्हणजे ही उष्णता फुकटची! पण इंजिनाचं पाणीच नीट नसेल, तर हीटर तरी काय करणार?

आता तपासणी कशी करायची? त्याला मेकॅनिक असायची गरज नाही.

एक लक्षात ठेवा, गाडी सुरू केल्याकेल्या गरम हवा येत नाही. पाच-दहा मिनिटं चालवावी लागते. तोवर पंखा बंद ठेवा. पंधरा-वीस मिनिटांनंतरही हवा गार असेल, तर मात्र लक्ष घाला.

पहिलं, पाणी बघा. सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना बॉनेट उघडा. कूलंटच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ अशा दोन खुणा असतात. पातळी त्यांच्या मध्ये हवी. ती पुन्हा पुन्हा खाली जात असेल, तर नुसती भर घालून भागणार नाही, गळती शोधायलाच हवी. पाणी कमी झालं की उंचावरच्या हीटरपर्यंत ते पोचत नाही. म्हणून काही वेळा इंजिन तापायच्या आधी हीटर गार पडतो. आज गार हवा म्हणून सोडून दिलेली गोष्ट उद्या घाटात बॉनेटमधून वाफ काढू शकते. आणि गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. कुकरची शिट्टी पडायच्या आत झाकण उघडतो का आपण? तसंच हे.

दुसरं, तापमानाचा काटा बघा. अर्धा तास गाडी चालवूनही काटा तळालाच असेल, तर संशय थर्मोस्टॅटवर. हा छोटासा भाग म्हणजे इंजिनाच्या पाण्याचा दारवान. पाणी साधारण ८० ते ९० अंशांच्या आसपास तापेपर्यंत तो मोठ्या रेडिएटरकडचं दार बंद ठेवतो. तो उघडाच अडकला, तर पाणी तापायच्या आधीच गार होत राहतं. आमच्या गाडीत तर दारवानच नव्हता! मेकॅनिकने खोलून दाखवलं. म्हणाला, “ताई, आधीच्या मालकाच्या वेळीच काढून टाकलेला दिसतोय. आपल्याकडे गरमी असते, कशाला हवा, असं म्हणून बरेच जण काढून टाकतात.” पण त्यामुळे इंजिन कायम अर्धवट गरम राहतं, इंधन जास्त पितं आणि लवकर झिजतं. काही शे रुपयांचा भाग बसवला आणि पुढच्याच फेरीला अण्णांनी चांदोरीच्या अलीकडेच कानटोपी काढली.

तिसरं, दोन पाइप. इंजिनकडून डॅशबोर्डच्या मागे जाणारे हीटरचे दोन रबरी पाइप मेकॅनिककडून दाखवून घ्या. गाडी फिरवून आणल्यावर इंजिन बंद करून त्यांना जपून, निसटता हात लावायचा. पाइप चांगलेच तापलेले असू शकतात, आणि रेडिएटरचा पंखा काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही फिरू लागतो, म्हणून पदर, ओढणी, बांगड्या सांभाळा. दोन्ही पाइप कोमट असतील तर पाणी कमी आहे किंवा थर्मोस्टॅट बिघडलाय. एक गरम आणि दुसरा गार असेल तर मधला छोटा रेडिएटर तुंबलाय किंवा त्याचा कॉक बंद आहे. काही ठिकाणी एसी जास्त गार लागावा म्हणून उन्हाळ्यात हा पाइपच बंद करतात आणि मग ते विसरून जातात. दोन्ही पाइप गरम असूनही हवा गार असेल, तर बटणाची केबल तुटली असेल किंवा आतली झडप अडकली असेल. हे काम तर अगदीच किरकोळ.

छोटा रेडिएटर तुंबतो कशाने? बोअरच्या पाण्याने. गीझरच्या कॉइलवर पांढरा थर साठतो ना, तेच इथेही होतं. म्हणून रेडिएटरमध्ये नळाचं किंवा बोअरचं पाणी ओतू देऊ नका. गाडीच्या पुस्तकात दिलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच वापरायला सांगा.

आणखी एक खूण. गाडीत गोडसर वास येत असेल, समोरच्या काचेवर आतून चिकट धुरकटपणा येत असेल, पायाखालची मॅट ओली होत असेल, तर हा छोटा रेडिएटर गळतोय. हे काम लगेच करून घ्या. कूलंट चवीला गोड पण विषारी असतं. सांडलेलं लगेच धुऊन टाका आणि डबा मुलांच्या, कुत्र्या-मांजरांच्या तोंडाला लागणार नाही असा वर ठेवा.

हीटर दुरुस्त होईपर्यंत काय? ब्लँकेट, मोजे, थर्मासमध्ये गरम चहा. पण गाडीत शेगडी किंवा निखारे मुळीच ठेवू नका. काचा लावून, इंजिन चालू ठेवून झोपू नका. बंद गॅरेजमध्ये गाडी तापवत ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. नुसतं डोकं जड होतं, झोप येते आणि माणूस उठतच नाही. गाडीत धुराचा वास आला तर काचा उघडा, गाडी बाजूला घ्या आणि सायलेन्सर तपासून घ्या.

गॅरेजमध्ये आपण गेलो की आपल्याला खुर्ची देतात आणि बोलणं मात्र घरातल्या पुरुषाशी करतात, हा अनुभव सगळ्यांचाच. त्यावर उपाय म्हणजे नेमकं बोलणं. ‘हीटर चालत नाही’ एवढंच सांगण्याऐवजी ‘अर्धा तास चालवूनही काटा वर येत नाही, कूलंट मॅक्सवर आहे, दोन्ही पाइप कोमट आहेत’ असं सांगून बघा. समोरचा माणूस आधी चमकतो, मग पाना उचलतो. नवा भाग लागला, तर जुना काढलेला भाग हातात मागा आणि बिलावर त्याचं नाव लिहून घ्या.

गाडीत म्हातारं माणूस असतं, तान्हं बाळ असतं, पहाटे परीक्षेला निघालेली लेक असते. त्यांना ऊब मिळणं ही चैन नव्हे. थंडी अजून आहे. या रविवारी दहा मिनिटं काढा आणि बॉनेट उघडून बघाच.