गिटार बिघडलेली नाही, तिची वायर वेगळी आहे

माईक कसा धरायचा यावर आपण रेडिओवर बोललो, तेव्हा बऱ्याच जणींनी एकच विचारलं. ताई, बैठकीचं रेकॉर्डिंग करताना माईक खोलीतून पार अंगणात पिंपळाच्या पारापर्यंत नेता, वायर तीस-चाळीस मीटर असते, तरी आवाज बसत नाही. मग वरातीत गिटारवाल्याची वायर एवढीशी का असते, आणि लांब केली की आवाज दबतो का? प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर अमेरिकेतल्या एका विचित्र गिटारच्या गोष्टीत सापडतं.

आधी विजेची गिटार वाजते कशी ते बघू. तुणतुण्याला पोकळ भांडं असतं, तार छेडली की त्या पोकळीत आवाज घुमतो. विजेच्या गिटारला बहुतेक वेळा पोकळी नसते, नुसता भरीव लाकडाचा ठोकळा. तारेखाली एक डबी बसवलेली असते, तिला पिकअप म्हणतात. डबीत लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे वेढे. पाण्याच्या मोटारीचं वाइंडिंग बघितलंय ना, तसंच पण फार नाजूक. वरची पोलादी तार हलली की वेढ्यांत किंचित वीज तयार होते. ती वायरीतून अँप्लिफायरला जाते आणि स्पीकरमधून आवाज येतो. तार पोलादाचीच हवी, नायलॉनची लावली तर डबीला काही ऐकू येत नाही. बँजो पार्टीतला स्पीकरवरचा बँजोही याच तत्त्वावर वाजतो.

नेहमीच्या पिकअपमध्ये पाच हजारांपासून दहा हजारांपर्यंत वेढे असतात. वेढे जास्त म्हणून विजेचा दाब जास्त, आणि आवाज मोठा. पण इतक्या बारीक, इतक्या लांब तारेतून यायचं म्हणजे विजेला अडथळाही फार. या अडथळ्याला इम्पिडन्स म्हणतात. म्हणजे दाब आहे पण धार बारीक. आता पाटाच्या पाण्याचं उदाहरण घ्या. पाटात धार बारीक सोडली आणि पाट लांब असला की पाणी वाटेतच झिरपतं, शेवटच्या शेताला काही पोहोचत नाही. गिटारच्या वायरीत मधे एक तार आणि तिच्याभोवती जाळी असते. या दोघींच्या मधून आवाजाचा बारीक, चमकदार भाग झिरपून जातो. जाड, घोगरा भाग तेवढा पुढे जातो. म्हणून पाच-सहा मीटरच्या पुढे वायर नेली की गिटार घोंगडी पांघरून वाजल्यासारखी वाटते. शिवाय आजूबाजूच्या विजेची घरघर अशा वायरीत लवकर शिरते.

यावर उपाय एका गिटारवादकाने धरून ठेवला. त्याचं नाव लेस पॉल, जन्म 1915 चा, विस्कॉन्सिन राज्यातल्या वॉकेशा गावचा. शिकून इंजिनियर झालेला नाही, पण लहानपणापासून रेडिओ, फोन, हातात येईल ते उघडून बघणारा. भरीव लाकडाच्या गिटारचा त्याने स्वतः प्रयोग केला. 1948 मध्ये मोटार अपघातात उजवं कोपर चेचलं. हात पुन्हा वाकणार नाही म्हटल्यावर त्याने डॉक्टरांना सांगितलं, गिटार धरता येईल अशा कोनात जोडा. तसाच जोडला. 1952 मध्ये गिब्सन कंपनीने त्याच्या नावाची गिटार काढली, ती आज जगभर माहीत आहे.

इथे जरा थांबते, कारण त्याच्या शेजारी एक बाई उभी होती. मेरी फोर्ड, त्याची बायको. ती गायची आणि गिटारही उत्तम वाजवायची. 1951 मध्ये या दोघांचं ‘हाऊ हाय द मून’ हे गाणं अमेरिकेत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. त्यात एकटीच मेरी स्वतःच्याच आवाजावर आवाज चढवत गायली आहे, जणू बायकांचा ताफा गातोय. रेकॉर्डवर दोघांची नावं होती. गिटारवर मात्र एकट्याचंच नाव आलं. 1964 मध्ये ते वेगळे झाले.

लेस पॉलचं बरंचसं रेकॉर्डिंग घरीच व्हायचं, आणि त्याला गिटार सरळ रेकॉर्डिंगच्या यंत्रात जोडायची असायची, मधे अँप्लिफायर नको. स्टुडिओतले माईक कमी इम्पिडन्सचे असतात, मग गिटार का नको? म्हणून पिकअपमध्ये वेढे कमी. दाब कमी होतो, पण धार जाड मिळते, म्हणून वाटेत झिरपून फारसं काही जात नाही. आपला बैठकीचा माईक याच जातीचा आहे.

गिब्सनने 1969 मध्ये अशा दोन गिटार काढल्या, प्रोफेशनल आणि पर्सनल. पर्सनलच्या अंगावर चक्क माईक खोचायची जागा होती, गात गात वाजवणाऱ्यांसाठी. 1971 मध्ये त्यांच्या जागी रेकॉर्डिंग नावाची गिटार आली आणि दशकभर निघत राहिली. तिच्यावर इतकी बटणं की बघणारा गोंधळून जावा. वजनालाही जडच, तास-दोन तास उभ्याने वाजवायची म्हणजे खांदा भरून येतो.

आता अडचण कुठे आहे? नेहमीच्या अँप्लिफायरला दाब जास्त लागतो. तो वाढवायला छोटा ट्रान्सफॉर्मर लागतो. गावाबाहेरच्या डीपीत 11 हजार व्होल्ट उतरवून घरात वापरण्याजोगे केले जातात, इथे उलटं काम, थोडं असलेलं वर चढवायचं. प्रोफेशनल आणि पर्सनल यांच्यासोबत कंपनी एक खास वायर द्यायची, तिच्यातच हा ट्रान्सफॉर्मर असायचा. रेकॉर्डिंगमध्ये तो गिटारच्या पोटातच बसवला आणि एक खटका दिला. खटका एकीकडे केला की नेहमीचा अँप्लिफायर, दुसरीकडे केला की सरळ माईकच्या जागी जोडा.

समजा, घरातला वाजवणारा माणूस गेला आणि त्याच्या मागे असलं वाद्य बायकोच्या हाती आलं. खास वायर कुठल्या तरी डब्यात वेगळी पडली. मुलाने साधी वायर लावली, आवाज अगदी क्षीण. दुरुस्तीवाला म्हणतो, पिकअप गेले, नवे बसवू. तिथेच नुकसान होतं. पिकअप गेलेले नसतात, ते तसेच असतात. मल्टीमीटरने पिकअपच्या दोन तारांवर मोजलं तर नेहमीच्या पिकअपला काही हजार ओहम दिसतात, याला त्याहून फारच कमी. हा आकडा कमी दिसला की दुरुस्तीवाला बिघाड समजतो, खरं तर तीच तिची ओळख. जुने पिकअप काढून नेहमीचे बसवले की गिटार वाजेल, पण जमवणाऱ्यांच्या दृष्टीने तिचा जीव गेला. मूळ भाग सुट्टे शोधणं महाकठीण. खास वायरीविना ती विकणं म्हणजे बॉबिन केसविना शिलाई मशीन विकण्यासारखं. घेणारा तेवढेच पैसे कापतो.

किमतीचं म्हणाल तर 1959 सालची साधी लेस पॉल कोटीच्या वर जाते, ही मात्र त्या मानाने फार स्वस्त. कारण त्या काळात रॉकवाल्यांना फाटका, खरखरीत आवाज हवा होता आणि हिचा आवाज धुतल्यासारखा स्वच्छ. मला हा निकाल काही पटत नाही, पण बाजार माझं ऐकत नाही. ज्याला घरी बसून रेकॉर्डिंग करायचंय त्याच्यासाठी ती आजही उपयोगाची आहे, कारण आताची घरगुती यंत्रं माईकचा दाब वाढवायची सोय घेऊनच येतात.

लेस पॉलने स्वतः ही गिटार सोडली नाही. तिच्यात स्वतःच्या हाताने फेरफार करून, म्हातारपणी बोटं सांधेदुखीने आखडली तरी, न्यूयॉर्कमध्ये दर सोमवारी रात्री तो तिच्यावर वाजवत असे. 2009 मध्ये, 94 व्या वर्षी तो गेला.