पाकिटावरचे ‘हलाल’ आणि दुकानदाराची जबाबदारी

मुंब्रा-कौसा, भिवंडीपासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत आता किराणा आणि बेकरीच्या दुकानांतही डीप फ्रीझर दिसतात. त्यांत चिकन सलामी, सॉसेज, नगेट्सची पाकिटे भरलेली असतात. ओळखीच्या खाटकाकडे गिऱ्हाईक माणूस पाहून माल घेते. पाकिटाच्या बाबतीत तोच भरवसा दुकानदारावर पडतो. ‘भाई, हलाल आहे ना?’ या सवालाला ‘कंपनीचा माल आहे’ हे उत्तर पुरत नाही.

सुरुवात एफएसएसएआयच्या 14 आकडी क्रमांकापासून करावी. पहिला आकडा 1 असल्यास परवाना, 2 असल्यास लहान धंद्याची नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 15. तेथे 00 असेल तर परवाना केंद्राचा. त्यापुढचे दोन वर्षाचे. पत्ता भिवंडीचा आणि आकडा दुसऱ्याच राज्याचा दिसला, तर ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’ आणि ‘मार्केटेड बाय’ या दोन्ही ओळी नीट वाचाव्यात. पुष्कळदा बनविणारा एक आणि नाव दुसऱ्याचे असते.

परंतु या क्रमांकावरून कारखाना कळतो, कोंबडी कोठे व कशी कापली हे कळत नाही. खरी गोम येथेच आहे. देशातील विक्रीसाठी सरकारी हलाल शिक्का नाही. जमियत उलमा-ए-हिंद हलाल ट्रस्ट, हलाल इंडिया यांसारख्या संस्था प्रमाणपत्र देतात. केंद्राने ऑक्टोबर 2024 पासून लागू केलेली पद्धत ठरावीक देशांच्या मांस निर्यातीपुरती आहे. म्हणून संस्थेचे नाव नसलेल्या नुसत्या हिरव्या ‘हलाल’ अक्षरांना आम्ही तरी किंमत देणार नाही. घाऊक व्यापाऱ्याकडे प्रमाणपत्राची झेरॉक्स मागावी. मुदत पाहावी, आणि ते कत्तलखान्याचे आहे की केवळ सलामी बनविणाऱ्या कारखान्याचे, हे विचारावे. सॉसेजचे आवरण कशाचे, हेही विचारावे. कोलॅजनचे असल्यास ते जनावराच्या कातडीपासून निघते.

आता कस. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. चिकननंतर लगेच पाणी, स्टार्च, सोया आले तर समजून घ्यावे. कातडी काढलेल्या छातीच्या कच्च्या मांसात 100 ग्रॅमला सुमारे 22 ग्रॅम प्रथिने असतात. सलामीवर 11 लिहिले असेल तर निम्मा कस गेला. सोडियम 900 मिलिग्रॅम असेल, तर 100 ग्रॅममध्येच दिवसाच्या 2000 मिलिग्रॅमच्या मर्यादेचा जवळजवळ अर्धा वाटा संपतो. आयएनएस 250 म्हणजे सोडियम नायट्राइट. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2015 मध्ये प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक ठरविले आहे. मुलांच्या रोजच्या डब्याची ही चीज नव्हे, असे गिऱ्हाइकाला सांगितल्याने दुकान बुडत नाही.

अन्नसुरक्षा कायदा, 2006 च्या कलम 27 प्रमाणे माल कोणाकडून घेतला हे दाखविता आले नाही, तर विक्रेताही जबाबदार धरला जातो. उलट, कलम 26 प्रमाणे पुरवठादाराचे बिल हीच मालाची लेखी हमी मानली जाते. टेम्पोवाल्याकडून बिनबिलाचा स्वस्त माल उतरवून घेणाऱ्यांच्या हाती ही हमी नसते. बिलावर बॅच क्रमांक लिहून घ्यावा. वीज बराच वेळ गेल्यावर फुगलेले किंवा आत बर्फाचे खडे झालेले पाकीट त्याच बिलावर परत करावे.